दोन सर्व्हर, एक ट्रान्झॅक्शनस्कोप: आयसोलेशन लेव्हल नक्की कुणाची?

दूधवाला_डॉटनेट

नमस्कार मंडळी. एका दूध संघाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सी शार्प, जुनं डॉटनेट फ्रेमवर्क, एसक्यूएल सर्व्हर २०१९. डेटाबेस दोन, दोन वेगळ्या मशीनवर. एकात संकलन (लिटर, फॅट, एसएनएफ), दुसऱ्यात हिशेब. दहा दिवसांचं बिल काढताना संकलनाच्या नोंदींवर बिल नंबर पडतो आणि हिशेबात उत्पादकाच्या खात्याला रक्कम जमा होते. एक झालं आणि दुसरं राहिलं असं चालणार नाही, म्हणून दोन्ही कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनस्कोपमध्ये (आतलं सगळं काम एकच व्यवहार धरणारा डॉटनेटचा क्लास) उघडतो. एमएसडीटीसी (दोन सर्व्हरवरचं काम एकत्र कमिट करणारी विंडोजची सेवा, थोडक्यात डीटीसी) व्यवस्थित चालू आहे, पोर्ट-फायरवॉलची भानगड केव्हाच मिटली.

अडचण अशी की बिल चालू असताना सकाळचं संकलन अडकतं. केंद्रावर माणसं कॅन घेऊन रांगेत आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. डेडलॉकचा (दोन कामं एकमेकांच्या लॉकवर अडकण्याचा) ग्राफ काढला तर त्यात 'सीरियलायझेबल (४)' दिसतं, म्हणजे सगळ्यात कडक आयसोलेशन लेव्हल (एका ट्रान्झॅक्शनला दुसऱ्याच्या कामापासून किती वेगळं ठेवायचं ती पातळी). आम्ही ही लेव्हल कुठेही मागितलेली नाही. मग हिशेबाच्या पहिल्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये वरच 'सेट ट्रान्झॅक्शन आयसोलेशन लेव्हल रीड कमिटेड' (फक्त कमिट झालेलं वाचणारी सौम्य लेव्हल) टाकलं. फरक शून्य. स्कोपला स्नॅपशॉट देऊन पाहिलं, तर दुसरं कनेक्शन उघडताच 'स्नॅपशॉट लेव्हलचं ट्रान्झॅक्शन प्रमोट (म्हणजे दोन सर्व्हरचं डिस्ट्रिब्युटेड) करता येत नाही' अशा अर्थाचा एरर.

आणि डोकं फिरवणारी गोष्ट पुढेच आहे. ज्या रिपोर्टांमध्ये स्कोपच नाही, साधं सिलेक्ट आहे, तेही अधूनमधून १२०५ (डेडलॉकचा एरर) खाऊन पडतात आणि त्यांच्याही ग्राफमध्ये सीरियलायझेबल! लेव्हल स्कोपची, कनेक्शनची की डीटीसीची? आणि दोन कनेक्शनना दोन वेगळ्या लेव्हल देता येतात का?

झटपट

सगळ्या सिलेक्टला नोलॉक (लॉक न बघता वाचायची हिंट) लाव. पाच मिनिटांचं काम. आमच्याकडे वर्षानुवर्षं चालतंय.

रात्रपाळी

झटपटराव, नोलॉक लावून दूध बिल काढलं तर रोलबॅक होणारी नोंदही बेरजेत येईल, आणि वाचता वाचता पेज (डेटा साठवायचा कप्पा) फुटलं तर एकच नोंद दोनदा मोजली जाईल किंवा गळेल. उत्पादकाला वीस लिटर कमी दिसले की तो कॅन घेऊन ऑफिसात येतो, फोरमवर येत नाही. राहू द्या.

दूधवाले, आता तुमचं बघू.

सीरियलायझेबल तुम्ही मागितलं नाहीत हेच त्याचं कारण. ट्रान्झॅक्शनस्कोपला काहीच सांगितलं नाही तर तो सीरियलायझेबल घेतो. एसक्यूएल सर्व्हरचा स्वतःचा डीफॉल्ट रीड कमिटेड आहे, पण स्कोपपुढे त्याचं चालत नाही. जोडीला टाइमआउट एक मिनिटाचा. कोडमध्ये रिकाम्या कंसाचा 'न्यू ट्रान्झॅक्शनस्कोप()' शोधा, जिथे सापडेल तिथे हा प्रकार आहे.

लेव्हल कुणाची? डीटीसीची तर नक्कीच नाही. डीटीसीला एवढंच माहीत: सगळ्यांना 'तयार का?' विचारायचं आणि सगळे हो म्हणाले की 'कमिट करा' सांगायचं. कोण कुठलं लॉक धरून बसलाय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. स्कोपमध्ये लिहिलेली लेव्हल कनेक्शन सामील होताना त्या त्या सर्व्हरला पोचते, आणि पुढे ती पाळायची कशी हे प्रत्येक सर्व्हर आपापलं ठरवतो. म्हणून दोन्हीकडे सीरियलायझेबल लागलं. संकलनाच्या टेबलावर तारखेची रेंज वाचलीत की त्या रेंजमध्ये नवी नोंद घालायला बंदी, कमिट होईपर्यंत. सकाळची रांग तिथे अडते.

प्रोसिजरमधल्या सेटचं काय झालं? प्रोसिजरच्या आत बदललेली लेव्हल प्रोसिजर संपली की पूर्वीच्या जागी जाते. तुमची पहिली प्रोसिजर रीड कमिटेडमध्ये चालली, दुसरी पुन्हा सीरियलायझेबलमध्ये. शिवाय तो सेट फक्त हिशेबाच्या कनेक्शनपुरता, आणि रांग संकलनाच्या सर्व्हरवर. दोन कनेक्शनवर दोन लेव्हल असं तांत्रिकदृष्ट्या होतं, बाहेरून सेट मारून. पण सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून मी करू देत नाही. आणि आत एक, बाहेर दुसरी असे एकात एक स्कोप घातलेत तर सरळ एक्सेप्शन येतं, ते बरंच आहे.

आता रिपोर्ट. कनेक्शन बंद केलं म्हणजे ते बंद होत नाही, पूलमध्ये (पुन्हा वापरायच्या कनेक्शनच्या साठ्यात) जातं. पुन्हा हातात येताना 'एसपी रीसेट कनेक्शन' चालतं. त्यात तात्पुरती टेबलं आणि बहुतेक सेट पर्याय साफ होतात, आयसोलेशन लेव्हल मात्र तशीच राहते. बिलाने वापरलेलं कनेक्शन रिपोर्टच्या वाट्याला आलं की रिपोर्टही सीरियलायझेबल. (२०१४ आवृत्तीत ही लेव्हल रीसेट व्हायला लागली होती, मग नंतरच्या अपडेटमध्ये ते मागे घेतलं. त्यामुळे नेटवर दोन्ही उत्तरं सापडतात आणि लोक भांडत बसतात.) खात्री करायची असेल तर 'सिस डॉट डीएम एक्झेक सेशन्स'मध्ये ट्रान्झॅक्शन आयसोलेशन लेव्हल हा कॉलम बघा. २ म्हणजे रीड कमिटेड, ४ म्हणजे सीरियलायझेबल. रिपोर्टच्या सेशनसमोर ४ दिसला की चोर सापडला.

मी काय करीन ते सांगते. स्कोप बनवणारं एकच फंक्शन, त्यात रीड कमिटेड आणि टाइमआउट स्पष्ट लिहिलेला. बाकी कुणी थेट स्कोप बनवायचा नाही. बिलाच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये 'ॲप्लिकेशन नेम' वेगळं द्या. पूल स्ट्रिंगवरून ठरतो, एक अक्षर बदललं तरी वेगळा पूल, म्हणजे बिलाची कनेक्शन रिपोर्टांना मिळणारच नाहीत. आणि दोन्ही डेटाबेसवर 'रीड कमिटेड स्नॅपशॉट' चालू करा. हा स्नॅपशॉट लेव्हलपेक्षा निराळा आहे: लेव्हल रीड कमिटेडच राहते, फक्त वाचणारा लॉकसाठी न थांबता शेवटची कमिट झालेली प्रत वाचतो. त्यामुळे डीटीसी कुरकुर करत नाही. चालू करताना त्या डेटाबेसवर दुसरं कनेक्शन असून चालत नाही, रात्रीच करा. या प्रती टेम्पडीबीत राहतात, तिथे जागा आहे का तेही बघून ठेवा.

पण सीरियलायझेबल काढलंत की त्याने फुकट दिलेलं संरक्षणही गेलं. आत्ता तुम्ही बहुधा आधी बेरीज वाचता आणि मग नोंदींवर बिल नंबर टाकता. मधल्या क्षणी फॅटची दुरुस्ती आली तर बेरीज एक आणि नोंदी दुसऱ्याच. उलट करा. आधी अपडेट: बिल नंबर रिकामा असलेल्या, बिलाच्या शेवटच्या तारखेपर्यंतच्या नोंदींवर नंबर टाका, 'आउटपुट'ने त्याच नोंदींचे लिटर आणि रक्कम तात्पुरत्या टेबलात घ्या, बेरीज तिथून. ज्या नोंदींना हात लागला त्याच मोजल्या, आणि त्या कमिटपर्यंत तुमच्या ताब्यात. उशिरा आलेली नोंद रिकामीच राहते, पुढच्या बिलात जाते.

एक खाच आहे. एका स्टेटमेंटने पाच हजारांच्या आसपास लॉक घेतले की सर्व्हर अख्ख्या टेबलाला लॉक लावायला बघतो, आणि मग रांग परत उभी. रीड कमिटेड स्नॅपशॉट तिथे वाचवत नाही, लिहिणारा लिहिणाऱ्याला अडवतोच. एका उत्पादकाच्या दहा दिवसांत दोन वेळच्या मिळून २० नोंदी. दोनशे सभासदांची संस्था असेल तर ४०००. म्हणून संस्थेगणिक एक ट्रान्झॅक्शन करा, सगळ्या संघाचं एकदम नको. टाइमआउटची कटकटही त्यातच मिटेल. नाहीतरी मशीन कॉन्फिगची कमाल मर्यादा दहा मिनिटांची आहे, कोडमध्ये कितीही मोठा आकडा घाला.

जावाकर

आमच्या बाजूलाही हीच कथा, म्हणून दोन ओळी. एक्सएमध्ये (डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शनचं स्टँडर्ड) ट्रान्झॅक्शन सुरू करण्याच्या कॉलला आयसोलेशन लेव्हल नावाचा पॅरामीटरच नाही. त्यामुळे स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा जेटीए मॅनेजर (अशी ट्रान्झॅक्शन सांभाळणारा भाग) वेगळी लेव्हल मागितली की डीफॉल्टने एक्सेप्शन फेकतो. लोक तो स्विच चालू करून खूश होतात, पण प्रत्येक डेटासोर्स ती लेव्हल खरंच लावतोय का हे कुणी बघत नाही. डेटाबेस दोन कंपन्यांचे असतील तर आणखी मजा: ओरॅकलचं सीरियलायझेबल म्हणजे प्रत्यक्षात स्नॅपशॉट, मायएसक्यूएल इनोडीबीचा डीफॉल्ट रिपीटेबल रीड, पोस्टग्रेसचा रीड कमिटेड. नाव एक, वागणं तिघांचं तीन तऱ्हेचं. पोस्टग्रेसवर प्रिपेअर (कमिटआधीचा 'तयार' टप्पा) होतच नसेल तर 'मॅक्स प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स' बघा, मुळात शून्य असतो.

दूधवाला_डॉटनेट

ताई, चोर सापडला. रिपोर्टच्या सेशनसमोर ४ होता. ॲप्लिकेशन नेम वेगळं केल्यावर रिपोर्ट पडायचे थांबले, आणि टेस्टला रीड कमिटेड स्नॅपशॉट लावल्यावर संकलनही अडत नाही.

पण नवीनच काहीतरी. आमचा ताळमेळ रिपोर्ट दोन्ही सर्व्हरवरून बिलाची रक्कम वाचून फरक दाखवतो. पूर्वी फरक कधीच नसायचा. आता बिल चालू असताना क्वचित एखाद्या संस्थेची रक्कम संकलनात आहे, हिशेबात नाही. लगेच रिफ्रेश केलं की बरोबर. डीटीसी असूनही?

रात्रपाळी

डीटीसी असूनच. दोघं 'तयार' म्हणाल्यावर कमिटचा निरोप दोन मशीनना एकाच क्षणी पोचत नाही. संकलनाने कमिट केलं, हिशेबाला निरोप यायचाय, तेवढ्यात तुमचा रिपोर्ट आला. पूर्वी हिशेबाच्या लॉकवर तो थांबायचा, म्हणून फरक दिसायचा नाही. आता थांबत नाही, जुनी प्रत वाचून पुढे जातो. टू फेज कमिट 'दोन्ही किंवा एकही नाही' एवढंच देतं. दोन सर्व्हरचा एकाच क्षणाचा फोटो देत नाही. गुगलने स्पॅनरसाठी त्याच कारणाने डेटा सेंटरमध्ये जीपीएस आणि अणुघड्याळं बसवली.

तुम्हाला घड्याळं नकोत. संस्थेचा स्कोप पूर्ण झाल्यावर वेगळ्या छोट्या टेबलात 'पूर्ण' अशी नोंद करा आणि ताळमेळ फक्त पूर्ण संस्थांचा काढा. स्कोप संपल्यावर लगेच नका करू, आधी दोन्हीकडे बिल नंबर दिसतोय का ते तपासून मग करा. कमिटचा निरोप दुसऱ्या मशीनला पोचायला क्षणभर लागू शकतो. त्या क्वेरीला 'रीड कमिटेड लॉक' हिंट देऊन पूर्वीसारखं थांबवताही येईल, पण मग पहिला आकडा जुना आणि दुसरा नवा अशी उलटी गंमत शिल्लक राहते.

पुढे डॉटनेट ८ वर जाणार असाल तर आत्ताच विचार करा. डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शन डॉटनेट ७ पासून परत आलं, पण फक्त विंडोजवर, आणि 'इम्प्लिसिट डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शन्स' हा स्विच हाताने चालू करावा लागतो. लिनक्सच्या कंटेनरमध्ये टाकायचं ठरलं तर डीटीसी सोडावाच लागेल. मी तर तुमच्या जागी आउटबॉक्स करीन: बिल आणि 'हिशेबाला पाठवायचं' ही नोंद संकलनाच्याच डेटाबेसात एका साध्या ट्रान्झॅक्शनमध्ये, मग एक जॉब ती हिशेबात नेऊन टाकेल. हिशेबात बिल नंबर आणि उत्पादक मिळून युनिक इंडेक्स ठेवा, जॉब दोनदा चालला तरी जमा दोनदा होणार नाही.

दूधवाला_डॉटनेट

आउटबॉक्स साहेबांच्या गळी उतरवायला वेळ लागेल, 'पूर्ण'चं टेबल मात्र आजच करतो. एक शेवटचं: काल टेस्टला नेटवर्क गेलं, त्यानंतर ब्लॉकिंग सेशनच्या जागी उणे २ दिसतोय. असा सेशनच नाही, किल कुणाला करू?

रात्रपाळी

उणे २ म्हणजे अनाथ झालेलं डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शन. 'सिस डॉट डीएम ट्रान लॉक्स'मध्ये रिक्वेस्ट सेशन आयडी उणे २ असलेल्या ओळीत 'रिक्वेस्ट ओनर जीयूआयडी' मिळेल, तोच अवतरणात देऊन किल करा. टेस्टवर बिनधास्त. लाइव्हवर झालं तर मात्र आधी दुसऱ्या सर्व्हरवर ते कमिट झालंय की रोलबॅक ते बघा, मगच हात लावा.