‘-मॅक्सिंग’ आणि ‘-कोर’ मराठीत कसं आणावं?

गोदाकाठ: पुरवणीसाठी एक लेख मराठीत करायलोय. ‘स्लीपमॅक्सिंग’ (झोप जास्तीत जास्त चांगली करायचा खटाटोप), ‘लुक्समॅक्सिंग’ (तेच दिसण्याचं), ‘कॉटेजकोर’ (खेड्यातल्या राहणीची फॅशन) ओळीओळीला येतात. ‘झोपसाधना’ कसंतरीच वाटतंय. या शेपट्यांना मराठीत काही आहे का?

बालाघाट: आधी अर्थ पक्का करा. रोल-प्लेइंग गेममध्ये ‘मिन-मॅक्सिंग’ असतं: मिळालेले सगळे पॉइंट एकाच ताकदीवर ओतायचे, बाकीचं मरू द्यायचं. तिथून ते इन्सेल, म्हणजे मुली भाव देत नाहीत म्हणून बायकांवर चिडलेल्या पोरांच्या ऑनलाइन अड्ड्यांवर गेलं, मग टिकटॉकवर. साधनेत संयम आहे, इथं हाव. ‘झोपबाजी’ करा.

दुधना: बाजीत नाद येतो, हिशेब येत नाही. हे लोक झोपताना तोंडाला पट्टी चिकटवतात, खोली थंड ठेवतात, मॅग्नेशियम घेतात. पत्तेबाज एवढं करतो का? कोरचं सोपं आहे. ‘हार्डकोर’ची शेपटी तुटली, आधी संगीतात ‘मेटलकोर’ झालं, मग कपड्यांत ‘नॉर्मकोर’, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ‘कॉटेजकोर’. त्याला ‘खेडेथाट’ चालेल.

तेरकर: बाजी, गिरी, खोर सगळं फारसी. एक परकं काढून दुसरं परकं बसवायचं?

दुधना: भांडखोर, चिडखोर. धातू अस्सल मराठी, शेपटी फारसी, आणि कुणाला खटकत नाही. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, तरी हवालदार गेला का?

तेरकर: हवालदार रुळायला शतकं लागली. हे शब्द पुढच्या दिवाळीला नसतील. आणि छापील लेखात ‘करतोय’च्या जागी मराठवाडी ‘करायलोय’ लिहू नका म्हणजे झालं.

बालाघाट: ते तर इथंच लिहिलंय, लेखात नाही. आणि त्यात वाईट काय? ‘करायला’ला ‘आहे’ जोडलं, बस.

दुधना: नाही जुळत. ‘करायला’तला ‘ला’ कधी बदलत नाही. इथं तो करायलाय, ती करायलीय, ते करायलेत. लिंगवचनानं बदलतोय म्हणजे तो ‘लागला’चा उरलेला ‘ला’ आहे. कोरसारखीच तुटलेली शेपटी.

तेरकर: ‘करायला लागलाय’ म्हणजे सुरुवात केली. ‘करायलाय’ म्हणजे चालूच आहे. अर्थ कुठं जुळतो?

दुधना: झिजताना अर्थ सरकतोच. ‘पाऊस लागलाय’ म्हणतो तेव्हा सुरुवात सांगतो की चालू असल्याचं?

बालाघाट: नांदेडकडं ‘करलालाय’ पण ऐकू येतं. त्यातला पहिला ‘ला’ कुठला मग?

गोदाकाठ: स्लीपमॅक्सिंग तसंच ठेवू का? उद्या पान लागतंय.

तेरकर: ‘करलालाय’ वेगळं प्रकरण आहे, ते यात घालू नका.