घर बघताना उन्हाची वेळ कोणी बघितली होती का? अनुभव सांगा

ओटीवरची_मनी

काल लेकीबरोबर वाकडला फ्लॅट बघायला गेले होते. रिसेल, सातवा मजला, सकाळी साडेनऊची वेळ. एजंटने सगळ्या खिडक्या उघडून ठेवलेल्या, "बघा मॅडम, वारा कसा खेळतोय." मी गुपचूप बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला हात लावून बघितला तर लेक म्हणे आई काय करतेयस, भिंत काय तापलीय का?

आणि मला एकदम आमचं सिंहगड रोडचं घर आठवलं. २००९ साली घेतलेलं, वरचा मजला, डिसेंबरमधल्या एका रविवारी अकरा वाजता बघितलेलं. टेकडी दिसते म्हणून भाळलो दोघंही. पहिल्या एप्रिलमध्ये कळलं की बेडरूमची लांब भिंत सरळ पश्चिमेला आहे आणि डोक्यावर नुसता स्लॅब. रात्री अकराला भिंत उतरवलेल्या तव्यासारखी. लोखंडी कपाट त्याच भिंतीला टेकून होतं, त्यात लेकीच्या वाढदिवसाच्या उरलेल्या मेणबत्त्या ठेवल्या होत्या, मे महिन्यात काढायला गेले तर सगळ्या वाकून एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. नवऱ्याला दाखवल्या तर म्हणाला, टेकडी बघ टेकडी.

दुसऱ्या उन्हाळ्यात एसी आला आणि दीडशेच्या आत असलेले युनिट मे मध्ये साडेतीनशेच्या वर गेले. मग सोसायटीच्या मागे लागून गच्चीवर चायना मोझॅक (फुटक्या पांढऱ्या टाइल्सची फरशी) करून घेतलं, खिडकीला बाहेरून चिक लावले (आतून जाड पडदे लावून काही होत नाही हो, ऊन काचेतून आत आलं की आलंच, ते बाहेरच अडवायला हवं). बराच फरक पडला, पण भिंत ती भिंतच.

म्हणून काल मी घरमालकांना म्हटलं, मे महिन्याचं लाईटबिल दाखवाल का. ते जरा गडबडले. "बिल मोबाईलवर येतं, पाठवतो." अजून आलेलं नाही.

तर तुम्ही घर घेताना असं काय बघितलंत, काय बघायचं राहिलं, आणि नंतर वीजबिल कमी करायला काय केलंत ते लिहा. लेक वाचणार आहे.

कंदील

रुमाल टाकून ठेवतोय, रात्री सविस्तर लिहितो.

भाकरतुकडा

मेणबत्त्या 😂😂 आमच्याकडे लिपस्टिक वितळलेली.

नागपुरी_संत्रं

पुण्यातले लोक चाळीसला तापलं म्हणतात, गंमत वाटते बाप्पा. आमच्याकडे मे मध्ये पंचेचाळीस सवयीचं आहे. घर बघताना आमचे बाबा एकच विचारायचे, कूलर कुठं बसंल? म्हणजे कूलरला बाहेरची खिडकी पाहिजे आणि समोरच्या बाजूला हवा निघून जायला दुसरी खिडकी पाहिजे. ती नसेल तर कूलर लावून नुसतं दमट होतं, चादरी चिकटतात, मग लोक म्हणतात कूलर कामाचा नाही. नवीन फ्लॅटमध्ये एकाच बाजूला खिडक्या असतात, तिथं कूलर चालतच नाही, मग दोनशे वॅटच्या जागी दीड हजार वॅटचा एसी. हे बिल्डर सांगत नाही. वाळ्याच्या ताट्या लावून बघा, वासानंच निम्मं ऊन कमी होतं.

ओटीवरची_मनी

@नागपुरी_संत्रं वाळा! माझ्या आजीच्या माठात असायची पुरचुंडी.

भाकरतुकडा

हल्ली वाळा मिळतो कुठे पुण्यात? तुळशीबागेत बघितला, सगळा जुना, वासच नाही.

नागपुरी_संत्रं

पत्ता द्या, पाठवतो 😀

मीटरमास्तर

बिल मागितलंत हे एक नंबर काम केलंत ताई. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा उभ्या दांड्यांचा तक्ता असतो तो बघायचा, एका बिलात वर्षाचं चरित्र कळतं. एप्रिल मेच्या दांड्या बाकीच्यांच्या दुप्पट असतील तर घर तापतं, किंवा मग पाहुणे फार. मालक देत नसेल तर बारा आकडी ग्राहक क्रमांक मागा, त्यावरून चालू बिल आणि थकबाकी ऑनलाईन बघता येते. थकबाकी बघाच बघा कारण जुन्या मालकाने थकवलेलं बिल नवीन मालकाच्या गळ्यात येऊ शकतं, सुप्रीम कोर्टाचाही २०२३ चा निकाल आहे की नियमात तशी तरतूद असेल तर वीज कंपनी नव्या मालकाकडून मागू शकते. व्यवहाराच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, तोपर्यंतचं बिल त्यांनी भरायचं आणि मीटर लगेच नावावर करून घ्या. सुरक्षा ठेव कोणाची यावरून ऐनवेळी भांडणं होतात, ते आधीच करारात लिहा. मी पंचवीस वर्षं याच खात्यात काढली, नवराबायकोपेक्षा जास्त भांडणं मीटरवर बघितलीत.

पश्चिमवारा

आमचं उलट झालं, नाव बदलायचा कंटाळा केला. चार वर्षं मीटर आधीच्या मालकाच्या नावाने, बिल आम्ही भरतोय, काय बिघडलं असं चाललं होतं. सोलरला अर्ज करायला गेलो तेव्हा बिघडलं. अनुदानाला वीजजोडणी स्वतःच्या नावावर पाहिजे. जुने मालक तोवर परदेशात मुलाकडे. दोन महिने त्यात गेले.

कुंकवाची_डबी

सोलरचं सविस्तर लिहा ना कोणीतरी, आमच्या सासऱ्यांचं साताऱ्याजवळ बंगलीवजा घर आहे, गच्ची मोकळी आहे, रोज एक माणूस फोन करतो आणि म्हणतो लाईटबिल झिरो. खरं आहे का

पश्चिमवारा

@कुंकवाची_डबी झिरो नाही. स्थिर आकार भरावाच लागतो. माझं ३ किलोवॅटचं आहे, फेब्रुवारी २०२४ ला पीएम सूर्यघर योजना आली त्यात केलं. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला ३०,००० प्रत्येकी, तिसऱ्याला १८,००० असं मिळून ७८,०००, त्याच्या वर कितीही मोठं लावा तेवढेच. पैसे आधी आपण भरायचे, अनुदान नंतर खात्यात येतं. त्यात भारतात बनलेल्या सेलची पॅनेलंच चालतात, विक्रेता स्वस्त काही देतो म्हणाला तर आधी ते विचारा.

जागा म्हणाल तर किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट. उन्हाच्या दिवसात किलोवॅटमागे चारेक युनिट रोजचे पडतात, म्हणजे माझे बारा. जुलैत मात्र रडतं, एका दिवशी अडीच युनिट बघितलेत. उन्हाळ्यात जास्तीचे युनिट महावितरणकडे जमा होतात ते पावसाळ्यात वापरले जातात, मार्चअखेर हिशेब मिटतो. त्यामुळे गरजेपेक्षा मोठं लावून कमाई वगैरे होत नाही, ते सेल्समनचं गाणं आहे.

आणि सावली बघा. आमच्या शेजाऱ्यांनी नंतर गच्चीवर पाण्याची टाकी चढवली, काळी, मोठी, दुपारी चारनंतर तिची सावली एका पॅनेलवर येते आणि ते एकटं नाही झोपत, ओळीतल्या बाकीच्यांनाही खाली ओढतं. शेजाऱ्यांशी बोलून बघितलं. ते म्हणाले टाकी हलवू, पण प्लंबरचा खर्च तुमचा 🙏 दिला.

भाकरतुकडा

प्लंबरचा खर्च 😂 असे शेजारी सगळीकडे असतात का?

कुंकवाची_डबी

बापरे एवढं. धन्यवाद दादा. म्हणजे लाईट गेली तरी आपल्याकडे चालूच राहणार ना, सासऱ्यांना तेच हवंय

मीटरमास्तर

नाही ताई!! बॅटरीशिवायचं साधं सोलर लाईट गेली की बंद पडतं, भर दुपारी सुद्धा. मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर चढलेला लाईनमन मरेल. लाईट गेल्यावरही हवं असेल तर बॅटरीवालं हायब्रिड घ्यावं लागतं, ते महाग. हे विकणारे शेवटपर्यंत बोलत नाहीत.

कुंकवाची_डबी

अय्या. हे सासऱ्यांना कोण सांगणार आता

लेस्टरची_काकू

इथे इंग्लंडमध्ये घर विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जेचं प्रमाणपत्र लागतं, ए ते जी, जसं आपल्याकडे फ्रीजला तारे तसं घराला अक्षर. दहा वर्षं चालतं. आमचं हे घर १९३० च्या आसपासचं, घेतलं तेव्हा ई होतं. मला अक्षराचं काही वाटलं नाही, बाग छान होती (टेकडी बघ टेकडी!). पहिल्या हिवाळ्यात घरात शाल स्वेटर आणि वर पुन्हा नवऱ्याचा कोट. मग माळ्यावर २७० मिलिमीटर लोकरीसारखं अंथरून घेतलं, खिडक्या बदलल्या, दाराखालच्या फटी बुजवल्या. माळ्याच्या कामाने सगळ्यात जास्त फरक पडला आणि तेच सगळ्यात स्वस्त होतं. तुमच्याकडे ऊन बाहेर ठेवायचं, आमच्याकडे ऊब आत, झगडा छपराशीच.

आईला फोनवर सांगितलं माळ्यावर गादी घातलीय तर ती म्हणे, कोण झोपतं तिथे?

ओटीवरची_मनी

@लेस्टरची_काकू 😂 आई लोक!

कंदील

आलो. मी हडपसरच्या पुढे टॉवरमध्ये राहतो, बारावा मजला. बिल्डरच्या कागदावर "सोलर वॉटर हीटर" लिहिलेलं बघून खुश झालेलो. प्रत्यक्षात ते फक्त मास्टर बेडरूमच्या बाथरूममधल्या एका नळाला, सकाळी सहा ते आठ. गच्चीपासून आमच्यापर्यंत पाईप एवढा लांब की पहिली दीड बादली गारच येते, मी ती साठवून झाडांना घालतो. खालच्या मजल्यावाले तर म्हणतात आमच्याकडे गरम पाणी पोहोचेपर्यंत ऑफिसची बस येते. आता आठ वर्षांत टँकरच्या पाण्याने आत क्षार साचून निम्म्या नळ्या बाद. तेव्हा बघायला जाल तर वरच्या मजल्यावरच्या नाही, तिसऱ्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंना विचारा गरम पाणी कितीला येतं.

दुसरं म्हणजे भिंत कशाची आहे ते विचारा. हल्ली मायवान म्हणतात ते, सगळी काँक्रीटची भिंत, वीट नाही ब्लॉक नाही. पटापट उभं राहतं, मजबूत असतं, पण उन्हाने चांगलंच तापतं आणि खिळा मारायचा तर माणूस बोलवावा लागतो. आमच्या शेजारच्या जुन्या बिल्डिंगमध्ये हलके एएसी ब्लॉक आहेत तिथे दुपारी जाऊन बसलो की फरक कळतो. (चहा पण बरा असतो त्यांच्याकडे.)

पंख्याचं सांगतो. चार जुने पंखे काढून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावले. जुना ७५ वॅट, हा तीसच्या आसपास. पंधरा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे वीस युनिट वाचतात, हिशेब करून बघा. एसीपेक्षा आधी पंखे बदला असं माझं मत आहे. फक्त त्याचा रिमोट हरवतो. आमच्याकडे चार पंखे आणि सध्या एक रिमोट.

भाकरतुकडा

रिमोट कुशनच्या मागे बघा, नेहमी तिथेच असतो.

सातबारा

३०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं म्हणून आम्ही २९५ ला एसी बंद करून पंख्यावर झोपतो.

मीटरमास्तर

@सातबारा अहो नका छळून घेऊ. पहिले १०० खालच्याच दराने, १०१ ते ३०० त्याच्या दराने, आणि ३०० च्या वरचे जे पाच दहा असतील तेवढेच वरच्या दराने. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. ३०१ वा युनिट महाग आहे, पण तो एकटाच महाग आहे.

सातबारा

सहा वर्षं झोपलो पंख्यावर 😐 बायकोला वाचून दाखवू का नको

भाकरतुकडा

नको.

चिऱ्याचं_घर

कोकणातून. आजोबांचं घर चिऱ्याचं, वर कौलं, मधे दोन काचेची कौलं. स्वयंपाकघरात संध्याकाळी पाचपर्यंत दिवा लावावा लागत नसे, आणि आजोबांची ताकीद होती की दिवसा दिवा लावलात तर उद्यापासून तो खाऊनच जगा. मोठ्या भावाने २०१५ ला पुढचा भाग पाडून स्लॅबचा केला, लोक काय म्हणतील म्हणून. आता पाहुणे आले की पुढच्या खोलीत एसी लावून बसवतात आणि घरचे सगळे मागे कौलांखाली. स्लॅबवर गेल्या वर्षी पत्र्याची शेड केली, गळतीसाठी केलेली पण उन्हालाही उपयोग झाला. म्हणजे आधी कौलं काढली मग पत्रा घातला. खर्च दोनदा.

हिशेबी

पुण्यात असाल तर एक राहिलं. सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं यातलं एक चालू असेल तर महापालिका सर्वसाधारण करात ५ टक्के सूट देते, दोन असतील तर १०. आमच्या सोसायटीत गांडूळखताचा खड्डा फक्त पाहणीच्या दिवशी चालू असायचा, एके वर्षी साहेबांनी झाकण उघडायला लावलं आणि आत मुलांचे क्रिकेटचे तीन बॉल निघाले. सूट गेली. रिसेलला बघताना सोसायटीच्या कॉमन मीटरचं बिल पण विचारा, लिफ्ट पंप जिन्यातले दिवे, तो आकडा मेंटेनन्समधून तुमच्याच खिशातून जाणार असतो. सोसायट्यांना त्याच सूर्यघर योजनेत किलोवॅटला १८,००० मिळतात पण त्यासाठी सभेत ठराव लागतो, आणि आमच्या सभेत चहात साखर किती यावरही एकमत होत नाही.

नागपुरी_संत्रं

मुलांना बॉल दिले का परत

हिशेबी

नाही, पुराव्यात आहेत 😀

ओटीवरची_मनी

किती लिहिलंत सगळ्यांनी, लेकीला लिंक पाठवली. बिल आलं बरं का मघाशी! मे महिना ५४०, जानेवारी १३०. दांड्यांचा तक्ता मीटरमास्तरांनी सांगितल्यासारखाच, मधे दोन उंच मनोरे. मालक म्हणतात मुलांची सुट्टी होती. लेक म्हणतेय आई, किंमत कमी करायला मुद्दा मिळाला ना, मग झालं. तिला ओटा आवडलाय, उंची अगदी तिच्या मापाची आहे म्हणे.

कंदील

किमतीतून एसी आणि चिक दोन्हीचे पैसे वजा करून घ्या. आणि भिंत कशाची आहे विचारलंत का?

ओटीवरची_मनी

उद्या विचारते. साडेतीनला परत जातोय. एजंटला फोन केला तर म्हणाला, मॅडम एवढ्या उन्हात कशाला?