उंबऱ्याजवळचं शिल्प कासव की बेडूक? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या महादेवाच्या देवळात फरशी बदलायचं काम निघालंय. नंदीजवळच्या कासवाची चिंता नाही, त्याला कुणी हात लावणार नाही. कूर्म हा विष्णूचा अवतार, तरी महादेवापुढे कासव असतंच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियं आवरून घेणाऱ्याला त्याचीच उपमा दिलीय.

प्रश्न आहे उंबऱ्यालगतच्या दुसऱ्या शिल्पाचा. वीतभर लांब, पाठीवर कवचाच्या रेषा नाहीत, डोळे वर आलेले, मागचे पाय दुमडलेले. वर ऑइलपेंटचे थरावर थर. जाणती माणसं म्हणतात, झिजलेलं कासव आहे. मला तो बेडूकच वाटतो. पाऊस लांबला की धोंडीत बेडूक मिरवायची चाल आपल्याकडे होती, ऋग्वेदात तर बेडकांवर अख्खं सूक्त आहे (७.१०३). मग देवळात बेडूक का नसावा?

सातारा-सांगली भागात असं शिल्प कुणी पाहिलंय का? फोटो टाका, गावाचं नावही लिहा. आणि दगडाला इजा न होता रंग कसा काढायचा? छिन्नी किंवा ॲसिड मी लावू देणार नाही. गवंडी सोमवारी येतोय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.