मदत हवी आहे: दरडीच्या धोक्यातल्या घराऐवजी दुसरीकडे घरकुल मिळेल का?

मावशीचं घर डोंगराच्या पायथ्याला आहे. मागच्या भिंतीला तिरकी भेग पडलीय, आता त्यात बोट जातं. पावसाचा जोर वाढला की ती रात्रभर बसून राहते. २०१४ चं माळीण आणि २०२३ ची इर्शाळवाडी डोळ्यांपुढून हलत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार रुपये आहेत. पण त्याच जागी पक्कं घर बांधून काय उपयोग? जागा खरेदीसाठी दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, ती जागा नसलेल्यांसाठी. मावशीच्या नावावर जागा आहे, फक्त राहण्यासारखी नाही.

अशा वेळी अर्ज कुठे करायचा, ग्रामपंचायतीत की तहसीलदारांकडे? भूवैज्ञानिकांचा पाहणी अहवाल लागतो का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा, पावसाळ्याआधी तिला हलवायचंच आहे.