एल्फला गंधर्व म्हणायचं का? आणि पिपिनचं अरे-तुरे

पंचवटीकर:
काल मराठी_बाणा यांनी लिहिलं की टोल्किनच्या लॉर्ड ऑफ द रिंग्ज या इंग्रजी कादंबरीतले शब्द म्हणजे नुसती इंग्रजी लोककथांची उचल, मराठीत आणताना एल्फचे (त्यातले देखणे, अमर लोक) गंधर्व करा, ऑर्कचे (शत्रूच्या फौजेतले क्रूर जीव) राक्षस करा, झालं काम. रात्रभर डोक्यात तेच. अहो आपण नाशिकचे ना? शूर्पणखेचं नाक कापलं ते हे गाव. राक्षस म्हटलं की रावण भाऊ आला, पुलस्त्य आजोबा आला, खर-दूषण आले, तप आलं, वर आले. ऑर्कला ना कुळ ना तप, कुणीतरी बिघडवून उभी केलेली फौज ती. भाषांतरं बघून टोल्किन वैतागला आणि त्याने भाषांतरकारांसाठी नावांचं टिपणच लिहिलं, त्यात ऑर्क हा शब्द तसाच ठेवा असं स्पष्ट आहे.

मराठी_बाणा:
त्याच टिपणात एल्फ-फ्रेंडचं भाषांतर करा असंही आहे, ते बरं गाळलंत! मी रोज रात्री पोरीला तोंडानेच मराठी करत वाचून दाखवतो. एल्फ म्हटलं की तिला नाताळच्या कार्टूनमधले टोपीवाले बुटके दिसतात, गंधर्व म्हटलं की गप्प बसून ऐकते. तुमची पुलस्त्याची वंशावळ तिला काय करायचीय?

सिडकोची_वाचक:
आधी वाचनालयात मिळू तर द्या, मी फॅन्टसी मागितली तर मला बालविभागाकडे बोट दाखवलं, चाळीस वर्षांच्या बाईला! आणि नावांवर एवढं भांडताय तर तू आणि तुम्हीचं काय? 1955 च्या तिसऱ्या खंडातलं परिशिष्ट वाचा. वेस्ट्रन म्हणजे कथेतली सगळ्यांची सामायिक भाषा, तिच्यात आपल्यासारखाच भेद होता पण शायरमध्ये, म्हणजे पिपिनच्या मुलखात, आदरार्थी रूप बोलण्यातून गेलेलं, म्हणून पिपिन थेट मिनास तिरिथ शहराच्या सत्ताधीशाला, डेनेथॉरला तू म्हणतो आणि लोकांना वाटतं हा तिकडचा मोठा राजपुत्रच असणार. इंग्रजीत हे दाखवताच येत नाही, मराठीत फुकट मिळतं.

बागलाणी:
ताई हे वाचून माझी आजीच आठवली. सटाण्याकडची, अहिराणी सोडून दुसरं काही येत नव्हतं, सगळ्यांना तू. नाशिकला मोठ्या डॉक्टरकडे नेलं तर खुर्चीत बसायच्या आधी त्यालाच विचारलं, "तू जेवना का?" कंपाउंडर माझ्यावर खेकसला, आजीला शिस्त लावा म्हणे. डॉक्टर मात्र हसून म्हणाले, नाही जेवलो आजी. पिपिनचं तू ऐकून चक्रावलेले डेनेथॉरचे नोकर म्हणजे तो कंपाउंडर.

मराठी_बाणा:
मग रोहनवाल्यांना, त्या कथेतल्या घोडेस्वारांना, अहिराणी देऊन टाका की. टोल्किनने त्यांना जुनी इंग्रजी दिलीच आहे.

बागलाणी:
जुनी?? माझी आई आत्ता स्वयंपाकघरात अहिराणीत बोलतेय. शहरवाल्यांना आमची भाषा एकतर गावठी वाटते नाहीतर जुनी, जिवंत कधी वाटतच नाही. शाळेत अहिराणी बोललो म्हणून बाकावर उभा राहिलोय मी, हे असलं मला ऐकवू नका.

पंचवटीकर:
बागलाणींचं बरोबर आहे. रोहनची बोली ही वेस्ट्रनच्या मानाने जुन्या वळणाची, म्हणून आजच्या इंग्रजीला जुनी इंग्रजी असं ते गणित. आजच्या मराठीमागे तेराव्या शतकातलं लीळाचरित्र येईल, अहिराणी नाही, ती मराठीच्या शेजारी उभी आहे.

मराठी_बाणा:
बागलाणी, तुमचं मन दुखवायचं नव्हतं, तो शब्द मागे घेतो. पण लीळाचरित्राच्या भाषेत घोडेस्वार बोलायला लागले तर कोण वाचणार हो?

सिडकोची_वाचक:
मी वाचेन.

पंचवटीकर:
सगळे संवाद नकोत, निदान नावं आणि गाणी तरी. ऑर्कचं काय ते बोला.

मराठी_बाणा:
बरं, ऑर्क ऑर्कच राहू दे, शूर्पणखेसाठी. आज रात्री पिपिन डेनेथॉरसमोर उभा राहतो ते प्रकरण आहे, पोरीला "तू" करूनच वाचून दाखवतो. गंधर्व मात्र गंधर्वच राहणार.