सूर्यमालेच्या कडेचा मोठा ग्रह असेल, तर तो सापडत का नाही?

ध्रुवमत्स्य
नमस्कार. उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर धनु आणि वृश्चिक राशींतील तारकागुच्छ मी आठ इंची परावर्तक दुर्बिणीतून पाहतो. नेपच्यूनच्या पलीकडे पृथ्वीच्या कित्येक पट वस्तुमानाचा ग्रह असावा, असे कॉन्स्टंटिन बॅटिगिन आणि माइक ब्राउन यांनी २०१६ साली मांडले. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकांची छायाचित्रे निघतात, मग आपल्याच सूर्यमालेतील एवढा मोठा पिंड का सापडू नये? आणि त्या दूरच्या प्रदेशातले काही माझ्या दुर्बिणीतून दिसू शकेल का?

चित्रा
दीर्घिका स्वतःच्या प्रकाशाने दिसतात. ग्रहावर मात्र आधी सूर्याचा प्रकाश पोहोचावा लागतो आणि मग तो परावर्तित होऊन आपल्यापर्यंत यावा लागतो. दोन्ही प्रवासांत तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होत असल्यामुळे एकूण घट अंतराच्या चौथ्या घाताने होते. नेपच्यून सुमारे ३० खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) अंतरावर असून त्याची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा, तितका पिंड अंधुक) ७.८ च्या आसपास आहे. तोच ग्रह ६०० एककांवर नेला, तर तो १,६०,००० पट अंधुक होईल, म्हणजे त्याची प्रत जवळजवळ २१ होईल. मोठ्या दुर्बिणींना हा प्रकाश टिपता येतो, पण तो नेमका कोणत्या ठिपक्याचा हे ओळखणे अवघड असते, कारण एवढ्या अंतरावरचा पिंड प्रतियुतीच्या, म्हणजे आकाशात सूर्याच्या विरुद्ध दिशेला असण्याच्या, सुमारासही दिवसाला केवळ सहा विकलांच्या (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आसपास सरकतो. चंद्रबिंबाच्या रुंदीचा हा तीनशेवा भाग झाला.

विशाखा
आपण ज्या दिशेला दुर्बीण वळवता, तिथेच ही अडचण सर्वांत तीव्र होते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. धनु राशीच्या दिशेला आकाशगंगेचे केंद्र असल्याने तिथे ताऱ्यांची विलक्षण दाटी आहे. न्यू होरायझन्स यानाला प्लूटोनंतर भेट देण्यासाठी लक्ष्य शोधताना खगोलशास्त्रज्ञांना याच गर्दीतून वाट काढावी लागली. जमिनीवरील मोठ्या दुर्बिणींना योग्य पिंड मिळाला नाही आणि अखेर २०१४ साली हबल दुर्बिणीने अ‍ॅरोकॉथ हा नेपच्यूनपलीकडचा छोटा पिंड शोधून काढला. जुलै २०१७ मध्ये त्याने एका ताऱ्याचे पिधान केले, म्हणजे समोरून जाताना त्याला क्षणभर झाकले, तेव्हा अर्जेंटिनातून घेतलेल्या वेधांवरून त्याचा आकार दोन गोळे जोडल्यासारखा असावा असा अंदाज आला, आणि १ जानेवारी २०१९ रोजी यान जवळून गेल्यावर तो खरा ठरला. जेमतेम ३५ किलोमीटर लांबीच्या पिंडाचा आकार ताऱ्याच्या क्षणभर लपण्यावरून कळावा, ही मला या क्षेत्रातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

अनुराधा
ग्रह आहेच, असे अजून गृहीत धरू नये. सेडना या नेपच्यूनपलीकडच्या पिंडासारख्या पिंडांच्या कक्षा एका बाजूला झुकलेल्या दिसतात, यावर हे अनुमान उभे आहे. सेडना सूर्याच्या जवळात जवळ आली तरी सुमारे ७६ एककांवरच असते. मात्र आपण आकाशाच्या काही भागांतच अधिक शोध घेतल्यामुळे हा कल भासत असावा, असेही काही संशोधकांचे म्हणणे आहे. पूर्वीही युरेनसच्या गतीतील उरलेल्या तफावतीवरून एक अज्ञात ग्रह कल्पिला गेला होता. व्हॉयेजर २ यानाने १९८९ साली नेपच्यूनचे वस्तुमान अचूक मोजून दिले आणि त्या आकड्याने गणित पुन्हा मांडल्यावर ती तफावतच नाहीशी झाली. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळा दक्षिणेचे आकाश वारंवार टिपणार असल्याने आताच्या वादातही बरीच स्पष्टता येईल, अशी मला आशा आहे.

आपल्या दुर्बिणीविषयी: नेपच्यूनचे निळसर, इवलेसे बिंब त्यातून नक्की दिसेल. प्लूटोची प्रत १४ च्या पुढे असल्याने तो डोळ्यांनी दिसणे कठीण आहे, परंतु दुर्बिणीला कॅमेरा जोडता आला, तर दोन वेगवेगळ्या रात्री त्याच भागाची छायाचित्रे घेऊन ती ताडून पाहावीत. क्लाइड टॉम्बॉ यांनी २३ आणि २९ जानेवारी १९३० रोजी घेतलेल्या काचपट्ट्यांची अशीच तुलना करून प्लूटो शोधला होता. तो आता धनु राशी सोडून मकर राशीत गेला आहे आणि प्रतियुतीच्या सुमारास दिवसाला साधारण दीड कला (एक कला म्हणजे साठ विकला) सरकतो, त्यामुळे दोन रात्रींतील त्याचे स्थलांतर सहज लक्षात यावे.