५५ इंची टीव्ही मॉनिटर म्हणून, डिझाईनला चालेल का?

रेघोट्या: मंडळी, फोर-के टीव्ही नुसता पडून आहे, म्हटलं लॅपटॉपला जोडून त्यावरच फोटोशॉप, इलस्ट्रेटर करावं, पण लाल बारीक अक्षरं फिस्कटल्यासारखी दिसतात आणि वरचा मेनूबार अर्धा कापला जातोय. केबलचा घोळ की टीव्हीच असा?

पिक्सेलपंत: कडा कापल्या जातायत तो ओव्हरस्कॅन, पिक्चर साइझमध्ये जाऊन बंद कर. लाल अक्षरांचं कारण वेगळं, टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतो, ४:२:० किंवा ४:२:२, सिनेमात कळत नाही पण काळ्यावर लाल टाइप ठेवला की लगेच उघडं पडतं. त्या एचडीएमआय इनपुटला पीसी असं नाव दे, बऱ्याच टीव्हीत तेवढ्यानं ४:४:४, म्हणजे रंगाची पूर्ण माहिती, सुरू होतं. शार्पनेसही खाली आण, नाहीतर रेषांना पांढरी किनार येते आणि आपण उगाच फाईलमध्ये शोधत बसतो.

चष्मेवाली: कर्सर जड वाटतोय का? मग ३० हर्ट्झवर चाललंय, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतंय. फोर-के ६० हर्ट्झला किमान एचडीएमआय २.० लागतं, लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हीकडे.

कोपऱ्यातला: खरं सांगू, ५५ इंची फोर-केला जेमतेम ८० पीपीआय (एका इंचात पिक्सेल), २७ इंची फोर-के मॉनिटरला १६३. टेबलावर ठेवलास तर टूलबार शोधायला मान फिरवावी लागेल. ४३ पर्यंत ठीक. आणि ओएलईडी असेल तर दिवसभर तोच टूलबार तिथेच, बर्न-इनची, म्हणजे त्याचा कायमचा ठसा पडद्यावर उमटायची, भीती आहेच.

रेघोट्या: पीसी नाव दिलं, अक्षरं सुधारली! पण रंग फिके वाटतायत आता.

चष्मेवाली: आधी व्हिविड मोड असणार, तो सगळंच भडक करतो. प्रिंटचं काम असेल तर कॅलिब्रेट केल्याशिवाय, म्हणजे पडद्याचे रंग मोजून जुळवल्याशिवाय, रंग ठरवू नकोस.